राखणीच्या कुत्र्याला काय घालावे, काय घालू नये

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे कृषिविद्या विभाग असे लिहिलेले आहे. तेव्हा हा माणूस कुत्र्याविषयी काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी पशुवैद्य नाही. आजाराचे निदान करणे आणि औषध देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे आणि ते मी त्यांच्याकडेच ठेवणार आहे. परंतु मळ्यावरचे कुत्रे ज्या पदार्थांनी आजारी पडते, त्यांतील बरेचसे आपण स्वतः पिकवतो. कांदा, लसूण, द्राक्ष, चिंच, मका, भुईमूग ही सगळी आपली पिके आहेत, आणि पिकाचे बोलणे आले की मला गप्प बसवत नाही.

दुभत्या गाईला साधारणतः दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक द्यावा, हे आपण सर्वजण जाणता. कोंबड्यांचे खाद्य ग्रॅमवर मोजले जाते. पण रात्रभर चाळीजवळ, मोटारीजवळ, बेदाण्याच्या शेडजवळ जागणारे जे जनावर आहे त्याच्या आहाराचा हिशेब कोणी केलेला नसतो. उरेल ते त्याचे, आंबेल ते त्याचे, बुरसटेल ते त्याचे, अशीच बहुतेक वस्त्यांवर रीत आहे. "कुत्र्याला सगळे पचते" हे वाक्य मी अनेक गावांत ऐकले आहे. ते अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळेच चांगली चांगली कुत्री दगावतात.

आधी खरा भाग सांगतो. कुत्रे हे मूळचे मांसाहारी जनावर, तेव्हा भाकरीवर त्याचे कसे भागणार, अशी शंका शहरातील मंडळी घेतात. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लांडगा आणि कुत्रा यांच्या आनुवंशिक गुणांची त्यात तुलना केलेली आहे. पिष्टमय पदार्थ पचविणारे जे पाचक द्रव्य, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, तसे त्याच्या उंबऱ्याशी बसणारे कुत्रेही धान्य पचवायला शिकले. तेव्हा ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी, भात, चपाती हे सगळे कुत्र्याला चालते. आपल्या आजीने कुत्र्यासाठी शेवटची भाकरी थापली त्यात काही चुकीचे नव्हते.

मात्र नुसत्या भाकरीवर भागत नाही. ज्वारीत प्रथिने सुमारे दहा टक्के आणि बाजरीत थोडी अधिक. कुत्र्याच्या कोरड्या आहारात ती अठरा टक्क्यांच्या आसपास लागतात. हा फरक अंडे, दही, ताक, शिजवलेली डाळ, उकडलेले बिनहाडाचे मांस किंवा मासे यांनी भरून काढावा. आपल्याकडचे गावठी राखणदार कुत्रे पंधरा किलोचे धरले तर त्याला दिवसाला साडेआठशे ते हजार उष्मांक लागतात. दोनशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी आणि एक वाटी दही यांत हे गणित जवळपास बसते. ही सुरुवात समजावी. कुत्र्याच्या फासळ्या हाताला लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत. दिसू लागल्या तर भाकरी वाढवावी, आणि हाताला लागेनाशा झाल्या तर कमी करावी.

दुधाबद्दल नेहमी विचारतात. मोठ्या कुत्र्याला दुधातील साखर नीट पचत नाही आणि पुष्कळांना हगवण लागते. ज्याला सोसते त्याला द्यावे, पण दही आणि बिनमिठाचे ताक हे अधिक बरे. भाज्या आणि फळांपैकी शिजवलेला भोपळा, रताळे, गाजर, मटार, पिकलेले केळे, पपई, पेरू, बिया काढलेले कलिंगड आणि बिया काढलेले सफरचंद थोड्या प्रमाणात द्यायला हरकत नाही. बिनखारवलेले भाजलेले शेंगदाणे मूठभर चालतात, परंतु ते निवडक हवेत. त्याविषयी पुढे सविस्तर बोलणारच आहे.

आता कालवणाकडे वळू. भाकरी निर्धोक आहे, पण आपण ती कोरडी घालत नाही. पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा तिच्यावर ओततो. या रश्श्यात कांदा असतो, लसूण असतो, तिखट-मीठ असते. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींवर परिणाम करतात. पेशीतले रक्तद्रव्य बिघडते, पेशी फुटतात आणि कुत्र्याला पंडुरोग होतो. कांदा कच्चा असो, तळलेला असो, वाळवून दळलेला असो, हा गुण शिजवण्याने जात नाही. कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी बाधा झाल्याचे आढळते. पंधरा किलोच्या कुत्र्याला हे पंचाहत्तर ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. लसूण तर कांद्याच्या तीन ते पाच पट कडक समजावी. थोडे थोडे रोज गेले तरी परिणाम साठत जातो, आणि इथेच आपली फसगत होते. कांदा खाल्ल्याच्या दिवशी कुत्रे चांगले असते. दोन-चार दिवसांनी ते मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस किंवा चहाच्या रंगाची होते. तोवर आपण कांद्याची गोष्ट विसरून गेलेलो असतो आणि ऊन लागले, नजर लागली अशी कारणे शोधत बसतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. घरातील माउलीने भाकरी कालवणाला लावण्यापूर्वी कुत्र्याची वेगळी काढावी आणि ताकात किंवा बिनफोडणीच्या वरणात कुस्करून द्यावी. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला भाग कुत्र्यालाही घालण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. त्या दिवशी वांग्याच्या भरितात कांद्याची पात सढळ हाताने पडलेली असते. कुत्र्याला रोडगा द्यावा, भरीत देऊ नये. एवढ्याने देव रागवणार नाही असे मला वाटते.

कांद्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. भाव कोसळला की कांदा बांधावर ओतला जातो, आणि काही जण तो गुरांना घालतात. या विषाला गाई-म्हशी फार हळव्या आहेत. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने पुष्कळ सोसतात. तेव्हा चाळीतून निवडून काढलेल्या कांद्याचे ढीग गोठ्यापासून आणि कुत्र्यापासून, दोघांपासूनही दूर असावेत.

आता द्राक्षबागायतदारांनी जरा नीट लक्ष द्यावे. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत द्राक्षाच्या बागेत कुत्रे नाही असे सहसा होत नाही. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, ही गोष्ट २००१ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी प्रथम ठळकपणे मांडली. त्यानंतर पुष्कळ वर्षे एक कोडे सुटत नव्हते. एक कुत्रे घडच्या घड खाऊन खुशाल हिंडते, आणि दुसरे तेवढीच द्राक्षे खाऊन चौथ्या दिवशी मरते. फवारणीच्या औषधाचा संशय घेतला गेला, बुरशीचा घेतला गेला, परंतु बिनफवारणीच्या घरगुती वेलावरच्या द्राक्षांनीही तोच प्रकार होत होता.

या कोड्याचा उलगडा २०२१ साली झाला आणि तो मोठा गमतीदार आहे. बेकरीत क्रीम ऑफ टार्टार नावाची आंबट पूड वापरतात. अमेरिकेत मुलांना खेळायला घरीच मळलेले मऊ गोळे करतात, त्यातही ही पूड पडते. असले गोळे खाल्लेल्या कुत्र्यामध्ये पशुवैद्यकांना द्राक्षाच्या विषबाधेसारखीच लक्षणे दिसली. ही पूड म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि द्राक्षातील मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. बहुतेक फळांत हे आम्ल नावापुरतेच असते; भरपूर असते ते द्राक्षात आणि चिंचेत. माणसाला त्याचा त्रास होत नाही. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र ते झेपत नाही, असे आता शास्त्रज्ञांचे मत झाले आहे.

इथे कृषिविद्येचा संबंध येतो. द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. ते जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे, हवामानाप्रमाणे बदलते, आणि सर्वांत जास्त बदलते ते पक्वतेप्रमाणे. हिरव्या, कच्च्या मण्यात ते दाट असते. मण्यात पाणी भरून तो फुगू लागला की पातळ होत जाते. म्हणून एका कुत्र्याला बाधते आणि दुसऱ्याला बाधत नाही. एखाद्या शेतकऱ्याचे कुत्रे तीन वर्षे गळीचे मणी खाऊन काही झाले नाही, म्हणून चौथ्या वर्षीही काही होणार नाही, असे समजण्याला आधार नाही. बाग तीच असली तरी हंगाम वेगळा असतो.

प्रमाण सांगायचे तर किलो वजनामागे सुमारे वीस ग्रॅम द्राक्षांनी, आणि बेदाण्याच्या बाबतीत अवघ्या तीन ग्रॅमच्या आसपास बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला तीनशे ग्रॅमचा एक घड किंवा पंचेचाळीस ग्रॅम बेदाणा. पंचेचाळीस ग्रॅम बेदाणा म्हणजे फार तर दोन मुठी! द्राक्षातील पाणी उडते आणि साधारण चार किलोंचा एक किलो होतो, तसे त्यातले आम्लही दाट होते. शिवाय बेदाणा गोड, मऊ आणि जमिनीलगतच्या जाळीवर पसरलेला असतो. कुत्र्याला उडीही मारावी लागत नाही. त्यामुळे घडांपेक्षा मला बेदाण्याच्या शेडची काळजी अधिक वाटते. खालच्या थरांच्या कडेला कुत्रे पोहोचणार नाही अशी जाळी लावावी, झाडलोट करून सांडलेला माल रोज गोळा करावा, आणि शेडची राखण करणारे कुत्रे आतमध्ये मोकळे न ठेवता बाहेर, दाराशी बांधावे. मणी विरळणीच्या वेळी खाली पडलेले हिरवे मणी सहसा कुत्रे आपणहून खात नाही, कारण ते आंबट असतात. परंतु पिल्लांचा नेम नसतो. ती काहीही चघळतात.

लक्षणे अशी दिसतात. खाल्ल्यापासून साधारणतः एका दिवसाच्या आत उलट्या होतात, बहुधा सहा ते बारा तासांतच. मग कुत्रे खाणे टाकते, पोट दुखते म्हणून वाकून उभे राहते, पाणी खूप पिते. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते आणि शेवटी थांबते. लघवी थांबल्यावर फारसे काही करता येत नाही. म्हणून उलटीत द्राक्षाची साले किंवा बेदाणे दिसले की त्याच वेळी दवाखाना गाठावा.

हाच न्याय चिंचेला लावावा. चिंचेचे सार, आमटीतला कोळ, फोडणी करून उरलेला चोथा कुत्र्याच्या भांड्यात टाकू नये. चिंचा फोडायचे काम जिथे चालते, त्या अंगणात कुत्रे हिंडू देऊ नये.

बागेची गोष्ट चालली आहे तर आणखी एक सांगून टाकतो, जरी ते माणसाचे खाणे नव्हे. एरंडी पेंड आपण खत म्हणून झाडाच्या आळ्यात घालतो. तिच्यात अत्यंत जहाल विष असते, आणि कुत्रे वासाने ती उकरून खाते. पेंड घातली की लगेच मातीआड करावी, आणि पोती शेडमध्ये तोंड बांधून उंचावर ठेवावीत. सरकी पेंडही कुत्र्याला सोसत नाही. गव्हाणीतली सरकी चाखणारे कुत्रे पुष्कळांनी पाहिले असेल. ती सवय मोडावी.

यानंतर मी ज्या विषयाकडे येतो आहे, तो या सगळ्यांत मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परतीचा पाऊस मक्याच्या कणसांवर पडला किंवा भुईमुगाच्या शेंगा ओल्या थप्पीत राहिल्या की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले तेव्हा हे विष प्रथम हाती लागले. ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत होते. आपण काय करतो? मळणीनंतर दाणा निवडतो. चांगला बाजाराला आणि घराला, आणि काळपट, बुरसट, किडका दाणा बाजूला. या बाजूच्या दाण्याचे पुढे काय होते? तो दळून त्याच्या भाकऱ्या किंवा घाटा कुत्र्याला जातो, नाहीतर कोंबड्यांना आणि गुरांना जातो. "टाकून कशाला द्यायचे, जनावर खाईल" असा आपला काटकसरी विचार असतो. काटकसर चांगलीच, पण इथे ती महाग पडते.

१९७४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत काविळीची एक विचित्र साथ आली. हा डोंगराळ, आदिवासी वस्तीचा मुलुख. मका हेच तिथले मुख्य अन्न. त्या वर्षी काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती, आणि साठवणीची धड सोय नव्हती. लोकांनी तोच मका खाल्ला, कारण घरात दुसरे काही नव्हते. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. तपास करणाऱ्या डॉक्टरांना असे आढळले, की जी माणसे आजारी होती त्यांच्या घरची कुत्रीही पोटात पाणी होऊन, कावीळ होऊन मरत होती. कुत्री तेच अन्न खात होती. संसर्गाची कावीळ असती तर ती अशी माणसाला आणि कुत्र्याला एकदम झाली नसती. कुत्र्याच्या मरणावरून तपासाची दिशा अन्नाकडे वळायला मदत झाली, आणि मक्याच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन सापडले.

बंधूंनो, कुत्रा या विषाला फार हळवा आहे. त्याचे यकृत बिघडते. खाणे बंद होते, उलट्या होतात, डोळ्यांचे पांढरे आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, विष्ठा काळी होते, पोट फुगते. भाजण्याने किंवा भाकरी करण्याने हे विष पुरते नाहीसे होत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. बुरशी झाडून टाकली, दाणा धुतला, तरी आत शिरलेले विष राहते. आणि बुरसट दाणा गाईला घातला तर त्याचा अंश दुधात उतरतो, ते दूध आपल्याच घरात प्यायले जाते. म्हणून असा दाणा कोणालाच घालू नये. खोल खड्ड्यात पुरावा किंवा जाळावा. थोडा जीवावर येईल, पण एका भरलेल्या पोत्यात हा दाणा फार तर पायलीभर निघतो.

खरा उपाय मात्र काढणीच्या वेळीच करावयाचा असतो. मका साठवताना ओलावा बारा-तेरा टक्क्यांच्या वर नसावा; भुईमुगाच्या शेंगांत तो आठ-नऊ टक्क्यांपर्यंत उतरावा. शेंग कानाजवळ हलवली असता आतील दाणे खुळखुळले पाहिजेत. ताडपत्रीखाली झाकलेल्या ओल्या ढिगात वाफ धरते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी उठते, तेव्हा ऊन पडताच ढीग पसरावा. फुटक्या शेंगा, कोवळ्या शेंगा आणि वखराने कापलेल्या शेंगा पहिल्याच दिवशी वेगळ्या कराव्यात. पोती भिंतीला टेकवून किंवा उघड्या जमिनीवर रचू नयेत, खाली लाकडी फळ्या टाकाव्यात. ही सर्व माहिती आपल्याला एरवी बाजारभावाच्या दृष्टीने सांगितली जाते. आज मी ती कुत्र्याच्या निमित्ताने सांगितली एवढेच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. शिजवलेल्या कोंबडीची हाडे तुसासारखी फुटतात आणि आतड्यात टोचतात. ती देऊ नयेत. दाणे खाऊन राहिलेले मक्याचे बुरकुंडे आणि आंब्याची कोय कुत्रे गिळते आणि ती आतड्यात अडकते. आंब्याच्या दिवसांत कोयींची टोपली झाकून ठेवावी. हिरवट पडलेला बटाटा आणि टोमॅटोचा पाला नको. सीताफळाचा गर थोडा चालेल, बिया नकोत. चहा आणि चॉकलेट यांतील उत्तेजक द्रव्ये कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतात. काळे, कडू चॉकलेट अधिक वाईट. मधुमेही माणसांसाठीच्या बिनसाखरेच्या गोळ्यांत आणि चघळण्याच्या गमात झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असू शकतो. तो गेला तर अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि ते लटपटून पडते. शहरातून येणारी मुले-नातवंडे लाडाने हे देतात, त्यांना आधी सांगून ठेवावे. घुशी-उंदरांसाठी मळलेल्या विषाच्या गोळ्यांत पीठ आणि गूळ असतो, हे कुत्र्यालाही ठाऊक असते. गोळ्या बिळाच्या आत सारून तोंड बुजवावे.

मेंढपाळ बांधवांसाठी आणि ज्यांच्या घरी जत्रेला बोकड पडतो त्यांच्यासाठी एक मुद्दा राहिला. जनावर कापल्यावर फुफ्फुसे, काळीज, आतडी कच्चीच कुत्र्यांपुढे टाकली जातात. मेंढ्यांच्या काळजात, फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी आपण पाहिल्या असतील. त्या गाठींत एका लहान फीतकृमीची पिले असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि मेंढ्यांना पुन्हा गाठी होतात. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसेच जेवायला बसणाऱ्या माणसालाही होतात. माणसाच्या काळजातली ती गाठ काढायला पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून असले अवयव कच्चे घालू नयेत. बिनगाठीचे अवयव अर्धा तास उकळून द्यावेत, गाठीचे पुरावेत. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी फीतकृमीवरचे औषध द्यावे.

आता, कुत्र्याने खाऊ नये ते खाल्लेच तर काय करावे, हे सांगून मी थांबतो. पुष्कळ ठिकाणी मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात. असे करू नये. मीठच कुत्र्याला विष ठरते. तेल, दूध, ताक पाजण्यानेही विष उतरत नाही आणि पाजताना ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. खाल्ल्यापासून पहिल्या दोन तासांत पोहोचलो तर डॉक्टर सुरक्षितपणे उलटी करवू शकतात, त्यामुळे वेळ घरी घालवू नये. फोन करताना चार गोष्टी तयार ठेवाव्यात: काय खाल्ले, साधारण किती, किती वाजता, आणि कुत्र्याचे वजन किती. वजन माहीत नसेल तर कांद्याच्या गोण्या मोजायच्या काट्यावर कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. हे काम आजच, सवडीने करून वजन शेडच्या भिंतीवर लिहून ठेवले तर अधिक चांगले. उलटीचा किंवा पुरलेल्या मालाचा नमुना पिशवीत घालून बरोबर न्यावा.

द्राक्ष, बेदाणा किंवा चिंच खाल्लेल्या कुत्र्याला डॉक्टर बहुधा दोन दिवस शिरेतून सलाईन लावतात आणि रक्ताची तपासणी करतात. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासून घ्यावे लागते, कारण मूत्रपिंडाचा बिघाड उशिरानेही दिसतो. कुत्रे उठून शेपूट हलवू लागले म्हणून दवाखान्याची ती शेवटची फेरी टाळू नये.